एक माल, अनेक बाजार: कोणत्या गावाला कोणता भाव? नाशिकच्या छोट्या उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये चिवडा, मसाले, लोणची, केचप बनवणारे बहुतेक छोटे उत्पादक आधी शहरात जम बसवतात, मग मुंबई-पुण्याला माल पाठवू लागतात, आणि एक दिवस सुरतेचा किंवा इंदूरचा वितरक फोन करून विचारतो, "आमच्याकडे काय भावाने द्याल?" गुंता तिथून सुरू होतो. त्या टप्प्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे, अर्धा किलो चिवड्याचं पाकीट. त्यातले भाव आणि खप हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत. कायद्याच्या आणि कराच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत. "भाव" म्हणजे जीएसटी सोडून वितरकाकडून तुमच्या हाती येणारे रुपये. पाकिटावरची एमआरपी हा वेगळा विषय आहे आणि तो पुढे येतो.

सगळीकडे एकच भाव ठेवला तर बिघडलं कुठे?

बिघडत काहीच नाही, पैसे मात्र टेबलावर राहतात. मुंबईचं गिऱ्हाईक चार-पाच रुपयांनी पाकीट खाली ठेवत नाही. नाशकात प्रत्येक चौकात चिवडा मिळतो, इथे तेवढ्यानं फरक पडतो. इंदूर तर शेव-नमकीनचं माहेरघर. तिथे तुमच्या पाकिटावाचून कुणाचं अडत नाही. तिन्हीकडे एकच भाव लावला की तो मुंबईसाठी कमी आणि इंदूरसाठी जास्त ठरतो.

बाजारागणिक वेगळा भाव लावण्याला अर्थशास्त्रात भावभेद म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली त्याचे तीन प्रकार मांडले. आपण बोलतोय तो तिसरा: गिऱ्हाइकांचे गट ओळखू येतात, गटागटाला भाव वेगळा, पण एका गटात सगळ्यांना सारखा.

आम्ही खर्चावर वीस टक्के चढवून भाव काढतो. ते चूक आहे का?

सोपं आहे म्हणून चालतं. पण या पद्धतीत गिऱ्हाईक कुठेच येत नाही. खर्चावरून एवढंच ठरतं की कोणत्या भावाच्या खाली जायचं नाही. किती वर जाता येईल, हे समोरचा माणूस ठरवतो.

मग प्रत्येक बाजाराचा भाव काढायचा कसा?

दोन गोष्टी लागतात. पहिली, आणखी एक पाकीट बनवून त्या गावात पोचवायला येणारा खर्च. पोहे, तेल, दाणे, मसाला, पाकीट, नगावर दिलेली मजुरी आणि भाडं एवढंच त्यात धरायचं. दुसरी, भाव एक रुपया वाढवला तर त्या गावातला महिन्याचा खप किती पाकिटांनी घटतो.

समजा सध्या सगळीकडे ११० रुपये भाव आहे. कारखान्यातला खर्च पाकिटामागे ७० रुपये. भाडं नाशकात २, मुंबईला ५, इंदूरला ९. म्हणजे माल अनुक्रमे ७२, ७५ आणि ७९ रुपयांना पडतो. महिन्याचा खप नाशकात १,५००, मुंबईत २,०००, इंदुरात ३००. आणि एक रुपया वाढवला तर नाशकात ७५, मुंबईत ४०, इंदुरात ३० पाकिटं कमी जातात.

आता मुंबई घ्या. रुपयाला ४० पाकिटं घटतात, तर २,००० पाकिटांचा खप शून्यावर यायला ५० रुपये वाढवावे लागतील. म्हणजे १६० रुपयांना मुंबईचं गिऱ्हाईक पूर्ण पाठ फिरवतं. खप असा सरळ रेषेत घटतो असं धरलं, तर सर्वात जास्त नफा देणारा भाव हा शून्य खपाचा भाव आणि पडता खर्च यांच्या बरोबर मधोमध असतो. १६० आणि ७५ यांचा मध्य ११७ रुपये ५० पैसे. त्या भावाला खप १,७००, पाकिटामागे सुटतात ४२.५०, एकूण ७२,२५० रुपये.

नाशकात शून्य खपाचा भाव १३०, खर्च ७२, मध्य १०१. खप २,१७५, पाकिटामागे २९, एकूण ६३,०७५. इंदुरात १२० आणि ७९ यांचा मध्य ९९.५०, खप ६१५, सुटतात १२,६०७ रुपये आणि वर काही पैसे.

तिन्हींची बेरीज साधारण १,४७,९०० होते. ११० चा सरसकट भाव ठेवला असता तर १,३६,३०० सुटले असते. पण तुलना नीट करायची तर ११० शी करू नका, कारण एकच भाव ठेवायचा झाला तरी ११० हा काही उत्तम भाव नव्हे. याच आकड्यांवर सर्वात चांगला सरसकट भाव १०५ च्या आसपास येतो आणि तो १,३९,५७५ देतो. म्हणजे भाव वेगळे केल्याची खरी कमाई महिन्याला आठ हजारांच्या थोडी वर, सुमारे सहा टक्के. सल्लागार मंडळी हा आकडा फुगवून सांगतात तेव्हा त्यांनी कशाशी तुलना केली ते विचारा.

मध्याचा हा नियम फक्त सरळ रेषेसाठी आहे. रेषा वाकडी असेल तरी मुळातली गोष्ट बदलत नाही: शेवटचं पाकीट विकून हाती आलेली भर ही ते बनवून पोचवायच्या खर्चाइतकी झाली की थांबायचं. "भर" म्हणजे त्या पाकिटाची पूर्ण किंमत नव्हे. ते विकण्यासाठी भाव उतरवला, तर आधीच्या सगळ्या पाकिटांवरही तेवढे रुपये जातात. ते वजा करून उरतं ती भर.

इंदूर सगळ्यात लांब, भाडं सगळ्यात जास्त, आणि भाव सगळ्यात कमी? हे पटत नाही.

बहुतेकांना पटत नाही, पण गणित तसंच सांगतं. नाशिकहून इंदूर चारशे किलोमीटरच्या वर आहे हे इंदूरच्या गिऱ्हाइकाला काय करायचंय? त्याच्यासमोर तिथलेच पन्नास नमकीनवाले आहेत. भाडं वाढलं तर भाव थोडा वर जातो हे खरं, पण निम्माच. मधोमधच्या नियमात खर्च एक रुपयाने वाढला की भाव पन्नास पैशांनी वाढतो, उरलेले पन्नास पैसे तुम्ही सोसता.

यातून एक ठोकताळा निघतो. भावात एक टक्का वाढ केल्यावर खप जितके टक्के घटतो, त्या आकड्याने १ ला भागा. भावातला तेवढा हिस्सा तुमची सुटी कमाई असावा. आपल्या उदाहरणात ठरलेल्या भावाला मुंबईत हा आकडा साधारण २.८ येतो, म्हणून भावातले ३६ टक्के सुटतात. नाशकात ३.५, सुटतात २९ टक्के. इंदुरात जवळपास ४.९, सुटतात जेमतेम २१. गिऱ्हाईक जितकं चंचल, तितकं मार्जिन पातळ.

अंबड एमआयडीसीतल्या शेडचं भाडं आणि मशीनचा हप्ता भावात धरायचा नाही?

भाव काढताना नाही. ते पैसे एक पाकीट विका की पाच हजार, तेवढेच जाणार. ते पाकिटांवर वाटून भावात घातले की एक चक्र सुरू होतं: खप कमी झाला म्हणून पाकिटामागचा बोजा वाढतो, बोजा वाढला म्हणून भाव वाढतो, भाव वाढला म्हणून खप आणखी घटतो. चांगले चालणारे धंदे या चक्रात बुडालेले आहेत.

ठरलेला खर्च विचारात घ्यायची वेळ वेगळी असते, ती म्हणजे बाजारात उतरायचं की नाही हे ठरवताना. त्यावर शेवटच्या प्रश्नात बोलू.

एक रुपयाने खप किती घटतो हे आम्हाला कळणार कुठून?

सगळ्या पानातला अवघड प्रश्न हाच आहे. बाकीचं गणित दहावीचं.

जुन्या बिलांतून काही कळेल ही आशा माफक ठेवा. बहुतेकांची भाववाढ दिवाळीच्या तोंडावर होते, कारण तेव्हाच तेल महागलेलं असतं आणि माल असाही जाणार असतो. अशा नोंदी नुसत्या मांडल्या तर भाव वाढवल्याने खप वाढतो, असं उफराटं दिसतं. श्रावण, लग्नसराई, शाळेच्या सुट्ट्या यांचाही असाच घोळ.

खरी माहिती प्रयोगातून येते. एकमेकांसारखे दोन भाग निवडा, म्हणजे एका वितरकाकडे पंचवटी आणि दुसऱ्याकडे नाशिकरोड. एकीकडे भाव चार रुपयांनी हलवा, दुसरीकडे तसाच ठेवा, आणि सणवार नसलेले सहा-आठ आठवडे दोन्हींतला फरक बघा. दोन्हीकडे खप खाली आला तर ते हवामान किंवा बाजार. एकीकडेच आला तर तो भाव.

इथे एक हमखास फसगत होते. भाववाढीची कुणकुण लागली की वितरक आधीच गोदाम भरून घेतात. तुमच्या कारखान्यातून निघणारा माल त्या महिन्यात उसळतो आणि पुढच्या महिन्यात कोसळतो. गिऱ्हाइकाने मात्र नेहमीएवढाच चिवडा खाल्लेला असतो. म्हणून वितरकाने दुकानांना काय विकलं तो आकडा मागा. तुम्ही वितरकाला काय विकलं तो नको. तो आकडा द्यायला वितरक कुरकुरतात. अर्धा टक्का जादा देऊन तो मिळवणं मला तरी स्वस्त वाटतं.

आकडे हाती आले की एक्सेलमधला सॉल्व्हर, म्हणजे सर्वात जास्त नफ्याचा भाव शोधून देणारी सोय, पुरेसा आहे. वेगळं सॉफ्टवेअर घेऊ नका.

नाशकात १०१ आणि मुंबईत ११७.५०. मग नाशिकचाच माल मुंबईत घुसणार नाही का?

घुसणार. साडेसोळा रुपयांचा फरक आणि कसारा घाट उतरला की मुंबई. कुठला तरी होलसेलर टेम्पो भरून नेणारच. तुमचा मुंबईचा वितरक मग फोनवर ओरडेल की माझ्या लाइनमध्ये तुमचाच माल कमी भावाने आला, आणि तो बरोबर असेल.

म्हणून दोन गावांच्या भावातला फरक हा तिसऱ्या माणसाला माल इकडून तिकडे न्यायला येणाऱ्या खर्चाच्या आत ठेवावा लागतो. समजा त्याला भाडं, हमाली, उधारीची जोखीम धरून पाकिटामागे ८ रुपये येतात. मग दोन्ही भाव सुटे काढता येत नाहीत, एकत्र काढावे लागतात. आपल्या आकड्यांवर उत्तर येतं नाशिक १०४, मुंबई ११२. नाशिक ६२,४०० देतं, मुंबई ७१,०४०. दोन्ही मिळून मोकळ्या भावांपेक्षा १,८८५ रुपये कमी. म्हणजे फरक जवळपास निम्म्यावर आणला तरी नुकसान किरकोळ. उत्तम भावाच्या आजूबाजूला नफ्याची टेकडी सपाट असते, तिथे दोन-तीन रुपये इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. भांडण मात्र टळतं.

नेण्याचा खर्च मोजताना परतीच्या गाड्या विसरू नका. माल टाकून रिकामी परतणारी गाडी डिझेल सुटलं तरी खूश असते, तिचं भाडं नेहमीच्या भाड्याशी जुळत नाही. रस्तेही अंतर बदलतात: ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून नागपूर आणि मुंबई या दोन बाजारांतली भिंत आणखी खाली आली आहे. नागपूरच्या वितरकाला दिलेली खास स्कीम, म्हणजे जादा सवलत, आता नागपुरातच राहील, हे गृहीत धरू नका.

पाकिटांवर बॅच नंबर गावाप्रमाणे टाकले तर माल कुठून फुटला ते निदान कळतं.

पाकिटावर मुंबईसाठी एक आणि नाशिकसाठी दुसरी एमआरपी छापता येईल?

तो रस्ता धरू नका. पॅकबंद मालासाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांत १ जानेवारी २०१८ पासून एक तरतूद लागू आहे: निर्बंधात्मक किंवा अनुचित व्यापारी प्रथेचा अवलंब करून एकाच प्रकारच्या पॅकबंद मालावर वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत. तुमची प्रथा अनुचित होती की नव्हती, हा वाद अधिकाऱ्यासमोर घालण्यात छोट्या उत्पादकाला काही मिळत नाही. एमआरपी एक ठेवा, फरक वितरकाच्या भावात आणि स्कीममध्ये करा. एमआरपीच्या वर विकणं गुन्हा आहे. खाली विकायला कुणाची ना नाही.

पण यात एक गोम आहे आणि ती फार थोडे लोक पाहतात. नाशिकच्या वितरकाला तुम्ही १०४ ने दिलं, पाकिटावर एमआरपी तीच, तर दुकानदार गिऱ्हाइकाला स्वस्त देईलच असं नाही. तो फरक गल्ल्यात टाकेल. मग वरच्या हिशेबातला "भाव उतरवला की खप वाढतो" हा धागाच तुटतो. थोडा खप तरी वाढतो, कारण जास्त सुटतं म्हटल्यावर दुकानदार तुमचं पाकीट पुढच्या फळीवर मांडतो. पण तो गिऱ्हाइकाचा प्रतिसाद नव्हे, दुकानदाराचा आहे, आणि प्रयोगात तोच मोजा.

सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचीच असेल तर माल वेगळा करणं हा सरळ मार्ग. वजन वेगळं, चव वेगळी, पाकीट वेगळं. इंदूरसाठी शेव जास्त असलेला तिखट प्रकार काढला, तर तो वेगळा माल झाला आणि त्याची एमआरपीही वेगळी. सुरगाणा-पेठकडे छोटं पाकीट आणि गंगापूर रोडला मोठा डबा, हेही त्याच जातीचं. फक्त लक्षात ठेवा, आता दर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापावा लागतो, त्यामुळे चौकस गिऱ्हाईक दोन पाकिटं ताडून बघू शकतं.

ऑनलाइन विक्री असेल तर तिथला भाव सगळ्या गावांना एकाच वेळी दिसतो. इंदूरची सवलत तिथे चुकूनही लावू नका.

मग नाशिकच्याच वाइनची किंमत राज्याराज्यांत वेगळी कशी?

कारण मद्य जीएसटीत नाही. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क आणि विक्रीचे नियम आपापले. ती तुलना चिवड्याला लावू नका.

राज्याबाहेर विकताना जीएसटीमुळे भाव बदलतो का?

दर बदलत नाही. १ जुलै २०१७ पासून एका मालाला देशभर एकच दर आहे, आणि पॅकबंद नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. परराज्यात आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, तिथल्या नोंदणीकृत वितरकाला मिळतं.

अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय) असाल तर परराज्यात माल विकताच येत नाही. सुरत-इंदूरचे भाव काढण्याआधी सीएला हे विचारा. नेहमीच्या नोंदणीत गेल्यावर सगळा हिशेबच बदलतो.

दिवाळीत माल कमी पडतो. तेव्हा इंदूर बंद करून सगळा माल मुंबईला वळवावा का?

नाही. मोकळ्या भावांना तिन्ही बाजार मिळून ४,४९० पाकिटं मागतात. मागणी तेवढीच धरा आणि समजा कढया तापून तापून ४,००० च निघतात. तर सगळीकडे भाव सारख्याच रकमेने, साधारण ३ रुपये ४० पैशांनी वाढवला की ४९० पाकिटांची मागणी आपोआप गळते: नाशकात सुमारे २५०, मुंबईत १३५, इंदुरात १००. मुंबईला पाकिटामागे जास्त सुटतं म्हणून सगळं तिकडे ओतलं, तर तिथला भाव पाडावा लागतो, आणि तो पाडलेला भाव सगळ्याच पाकिटांना लागतो. पाहायचं ते हे की वितरकाला दिलेलं शेवटचं पाकीट त्या गावचं भाडं वजा जाता कोणत्या गावात किती भर घालतं. ती भर सगळीकडे सारखी झाली की वाटप बरोबर झालं.

२०२७ च्या सिंहस्थात नाशिकचा भाव वाढवावा?

त्या काळात नाशिक-त्र्यंबकेश्वरचं गिऱ्हाईक बदललेलं असेल. घरी न्यायला पाकीट घेणारा यात्रेकरू भावाला तितका चिकट नसतो. त्यामुळे १०४ वरून वर जायला जागा आहे, आणि वितरकाची स्कीम कमी करणं हा त्याचा शांत मार्ग. पण एमआरपीच्या वर कुणालाही जाता येणार नाही, आणि नाशिकचं रोजचं गिऱ्हाईक सिंहस्थानंतरही इथेच राहणार आहे. मी असतो तर यात्रेसाठी वेगळं भेटीचं पाकीट काढलं असतं आणि नेहमीच्या पाकिटाला हात लावला नसता.

आम्ही चार उत्पादक मिळून गावं वाटून घेतली तर? म्हणजे भाव फोडाफोडी होणार नाही.

स्पर्धा कायदा २००२ नुसार प्रतिस्पर्ध्यांनी भाव ठरवून घेणं किंवा बाजार वाटून घेणं बेकायदा आहे. चहावर बसून तोंडी ठरवलं तरी. आपला भाव आपण एकट्याने गावागावाला वेगळा ठेवणं ही पूर्ण निराळी गोष्ट.

हे कांद्याला, द्राक्षाला लागू होतं का?

भाव ठरवण्याचा भाग नाही. लासलगावच्या लिलावात तुमच्या ट्रॉलीने भाव हलत नाही. पुकारला जाईल तो घ्यायचा. तिथे हाती एवढंच असतं की माल कुठे न्यायचा. लासलगाव, पिंपळगाव की वाशी, भाडं-हमाली-तोलाई-घट वजा करून क्विंटलला हातात काय येतं ते बघायचं. द्राक्षात निर्यातीचा, देशी बाजाराचा आणि बेदाण्याचा माल याच हिशेबाने वेगळा होतो. स्वतःच्या ब्रँडने पेटीबंद द्राक्षं विकणारा मात्र पुन्हा चिवडेवाल्याच्या रांगेत येतो.

भाव बरोबर काढला, तरी इंदूर परवडतंय की नाही हे कसं ठरवायचं?

इंदूरसाठीच होणारा ठरलेला खर्च बाजूला काढा: तिथला सेल्समन, गोदामाचं भाडं, महिन्याच्या फेऱ्या, बुडीत उधारी. नाशिकच्या शेडचा हिस्सा त्यात घालू नका, तो इंदूर बंद केल्यावरही जाणारच आहे. आपल्या उदाहरणात उत्तम भावालाही इंदूर महिन्याला साडेबारा हजारच देतं. तिथे पगारी सेल्समन ठेवला असेल तर त्याचा पगारही निघत नाही, आणि ९९.५० ऐवजी दुसरा कोणताही भाव लावून तो निघणार नाही, कारण यापेक्षा चांगला भाव त्या बाजारात नाहीच. मग सेल्समन काढून वितरकाच्या माणसांवर चालवा, किंवा वर सांगितलेला तिखट प्रकार एक हंगाम लावून बघा. तेही नसेल करायचं, तर येणी वसूल करून इंदूर सोडा आणि सुरतेच्या फोनला उत्तर द्या.